लिव्हरसाठीचा पंप: आतड्याच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतरच्या केमोबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात सव्वीस वर्षं नर्स होते, त्यातली शेवटची नऊ वर्षं केमोच्या डे-केअरमध्ये. निवृत्त झाले त्याच वर्षी न्यू जर्सीत राहणाऱ्या धाकट्या भावाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, तोही लिव्हरमध्ये गेलेला. आतड्याचं ऑपरेशन झालं, मग लिव्हरचं, आणि त्याच वेळी त्याच्या पोटात पंप बसवला. मी सहा महिने त्याच्याकडे जाऊन राहिले. परत आल्यापासून फोन थांबलेला नाही. नात्यातले विचारतात, जुने पेशंट विचारतात, त्यांच्या ओळखीतले विचारतात. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच लिहून ठेवते आहे. मी डॉक्टर नाही. तुमच्या पेशंटचं तुमचे डॉक्टरच ठरवतील.

आमच्या वडिलांनाही पंप लावला होता. तोच का हा?

बहुतेक नाही. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

आपल्याकडे डे-केअरमध्ये ‘पंप लावला’ म्हणतात तो वेगळा. फॉल्फॉक्स नावाच्या केमोत फाइव्ह-एफयू हे औषध शेहेचाळीस तास हळूहळू द्यायचं असतं. त्यासाठी प्लॅस्टिकची बाटली मिळते, आत फुग्यासारखी पिशवी. ती कमरेला किंवा गळ्यात अडकवून पेशंट घरी जातो आणि दोन दिवसांनी काढायला येतो. गडहिंग्लजचे एक काका ती बाटली शर्टाच्या खिशात ठेवून थेट बाजार समितीत जायचे. ते औषध छातीतल्या पोर्टमधून रक्तात जातं आणि सगळ्या अंगात फिरतं.

पोर्ट ही दुसरी वस्तू. कॉलरच्या हाडाखाली कातडीच्या आत बसवलेली बटणाएवढी डबी. तिच्यात औषध साठत नाही. सुई टोचायची ती जागा, एवढंच.

तिसरा प्रकार म्हणजे जांघेतून किंवा मनगटातून नळी घालून लिव्हरच्या गाठीपर्यंत औषध सोडणं. ते एका बैठकीत होतं आणि पेशंट आत काही न ठेवता घरी येतो. लिव्हरच्याच मूळ कॅन्सरला ते बऱ्याचदा करतात.

मी ज्याच्याबद्दल लिहिते आहे तो चौथा. बूटपॉलिशच्या मोठ्या डबीएवढी धातूची चकती. ती पोटाच्या कातडीखाली बसवतात, आणि तिची बारीक नळी ऑपरेशन करून लिव्हरच्या धमनीच्या तोंडाशी शिवलेली असते. औषध चकतीतच भरतात आणि ते रात्रंदिवस थेंबाथेंबानं फक्त लिव्हरमध्ये जातं.

फोनवर कुणी ‘पंप’ म्हणालं की मी आधी विचारते, बाहेर लटकणारा की आत बसवलेला?

लिव्हरला वेगळं औषध कशाला? केमो सगळ्या अंगाला जातेच की.

आमच्याकडे शिरोळच्या बाजूचे ऊसवाले फार. त्यांना मी पाटाच्या पाण्याचं आणि ठिबकचं सांगते. पाटानं पाणी सोडलं की सगळं रान भिजतं, तणही भिजतं, बांधही भिजतो. ठिबकनं पाणी बुडाशी पडतं. शिरेतून दिलेली केमो हे पाटाचं पाणी.

पण लिव्हरमध्ये ठिबक जमतं त्याला खास कारण आहे. या अवयवाला दोन बाजूंनी रक्त येतं. साधारण पाऊण हिस्सा येतो पोर्टल व्हेन या शिरेतून, आतड्याकडून. उरलेला पाव हिस्सा धमनीतून. निरोगी लिव्हर मुख्यतः शिरेच्या रक्तावर जगतं. आतड्यातून आलेल्या कॅन्सरच्या गाठी वाढू लागल्या की त्यांचं पोषण मात्र मुख्यतः धमनीवर होतं. म्हणून धमनीत औषध सोडलं की ते गाठीला जास्त आणि चांगल्या पेशींना कमी भिडतं.

शिवाय औषधही तसंच निवडलेलं आहे. त्याचं नाव फ्लॉक्सयुरिडिन, बोलताना सगळे एफयूडीआर म्हणतात. फाइव्ह-एफयूचंच भावंड. लिव्हरमधून एकदा जाताना त्यातलं 94 ते 99 टक्के लिव्हरच शोषून घेतं. पुढे अंगात जायला फारसं उरतच नाही. म्हणून लिव्हरला शिरेतून कधीच देता येणार नाही एवढा मोठा डोस देता येतो.

याचीच दुसरी बाजू लक्षात ठेवा. पंप फक्त लिव्हर सांभाळतो. फुप्फुसात, पोटाच्या पडद्यावर, लसीकाग्रंथींत कुठे कॅन्सरच्या पेशी असतील तर त्यांना हे औषध पोचत नाही. त्यामुळे पंपाबरोबर नेहमीची केमोही बहुतेकांना घ्यावी लागते. भावाला दोन्ही होतं. ‘पंप बसवला, आता सलाईन सुटली’ असं नसतं.

गाठी ऑपरेशननं काढल्या ना? मग आता काय राहिलं?

डोळ्याला आणि स्कॅनला दिसत होतं ते सगळं काढलं. न दिसणाऱ्या पेशी राहू शकतात. लिव्हरमधल्या गाठी काढलेल्या पेशंटांपैकी निम्म्याहून जास्त जणांना पुढे कधी तरी आजार परत दिसतो, आणि त्यात लिव्हर ही नेहमीची जागा. उरलेल्या लिव्हरची राखण करायची, म्हणून हा पंप.

लिव्हर कापलं म्हणून घाबरू नका. चांगल्या लिव्हरचा बराच मोठा भाग काढला तरी उरलेला काही आठवड्यांत वाढून जागा भरतो. भावाचं अर्ध्याच्या आसपास काढलं होतं. दोन महिन्यांनी स्कॅन दाखवताना तिथला डॉक्टर मला म्हणाला, ‘हे बघा, परत आलं.’ क्षणभर माझ्या पोटात गोळा आला. तो लिव्हरबद्दल बोलत होता.

पंप बसवतात कसा?

लिव्हरच्या ऑपरेशनमध्येच किंवा वेगळ्या ऑपरेशनमध्ये. आधी धमन्यांचा सीटी स्कॅन काढतात, कारण लिव्हरच्या धमन्यांची ठेवण प्रत्येकाची सारखी नसते. बऱ्याच जणांत एखादी जादा फांदी भलतीकडून येते. ती ऑपरेशनमध्ये बांधावी लागते.

नळी थेट मुख्य धमनीत खुपसत नाहीत. जठराकडे आणि आतड्याच्या सुरुवातीकडे जाणारी एक फांदी असते, तिच्यातून नळी आणून तोंड मुख्य धमनीच्या कडेला ठेवतात, म्हणजे मुख्य रक्तप्रवाह अडत नाही. जठराकडे जाणाऱ्या बारीकसारीक फांद्या एकेक करून बांधतात. हे काम वेळखाऊ, आणि इथेच सर्जनचा हात कळतो. एखादी फांदी सुटली तर केमो जठरात जाते आणि अल्सर होतो. पित्ताशयही काढून टाकतात, नाही तर औषधानं ते सुजतं.

मग औषध भरण्याआधी एक तपासणी करतात. पंपातून किंचित किरणोत्सर्गी द्रव सोडून स्कॅन काढतात, तो लिव्हरभर पसरतो का आणि दुसरीकडे कुठे जात नाही ना, हे बघायला. तो स्कॅन नीट आल्याशिवाय केमो चालू करत नाहीत.

हा पंप चालतो कसा? बॅटरीवर?

मलाही हाच प्रश्न पडला होता. भावाच्या पंपात तारही नव्हती आणि बॅटरीही.

चकतीत दोन कप्पे असतात. मधे धातूचा घडीदार पडदा, हार्मोनियमच्या भात्यासारखा. एका कप्प्यात औषध, दुसऱ्यात कायमचा बंद केलेला वायू. अंगाच्या उबेनं वायू फुगतो, भाता दाबतो आणि औषध एका बारीक नळीतून ठरलेल्या गतीनं बाहेर पडतं. नवीन औषध भरलं की भाता उघडतो आणि वायू परत दाबला जातो. म्हणजे भरतानाच पुढच्या पंधरवड्याची चावी दिली जाते. अशी कल्पना मिनेसोटा विद्यापीठात हेन्री बुचवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या आसपास मांडली.

बॅटरीवर चालणारे, बाहेरून गती बदलता येणारे पंपही आहेत. पण वायूवाल्याची गती बदलता येत नाही. डोस कमी करायचा तर आतल्या औषधाचं प्रमाण कमी करतात. हा पंप पूर्वी एका कंपनीचा होता. तिने 2018 मध्ये तो बनवणं बंद केलं आणि जगभरची केंद्रं अडली. नंतर दुसऱ्या कंपनीनं तो परत बाजारात आणला. एकाच कारखान्यावर अवलंबून असलेल्या उपचाराचं हे असं होतं.

दर पंधरा दिवसांनी नेमकं काय करतात?

हे मी शेजारी उभं राहून पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर.

भाऊ पाठीवर झोपायचा. नर्स बोटांनी चकतीची कड चाचपायची, मधला रबरी भाग शोधायची. जागा औषधानं पुसायची आणि खास सुई सरळ खाली घालायची. रबराला भोक पडून राहू नये अशी ती सुई असते, आपण पोर्टला वापरतो त्याच जातीची. आत ठक्क लागलं की तिनं पिस्टन नसलेली सिरिंज जोडून धरली, आणि उरलेला द्रव आपोआप वर चढला. तिनं ओढला नाही. आतला वायू ढकलत होता.

मग तिनं सिरिंज डोळ्यांसमोर धरून आकडा वाचला आणि लिहिला. या पंपाच्या कामात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला क्षण तोच. भरलं होतं तीस मिली, चौदा दिवस गेले, उरलं किती? यावरून पंप रोज किती सोडतो हे कळतं. अपेक्षेपेक्षा जास्त उरलं तर नळी अडलीय. कमी उरलं तर औषध वेगानं गेलंय. एकदा भावाच्या सिरिंजमध्ये नेहमीपेक्षा दोन मिली कमी भरलं. तिनं विचारलं, ‘मधे ताप आला होता का?’ आला होता, तीन दिवस, आणि त्यानं आम्हाला सांगितलं नव्हतं. ‘आक्का, साधा सर्दीताप तर होता गं,’ म्हणाला. साधा ताप पण वायूला उबच देतो ना.

पंधरा दिवस औषध, सोबत हेपारिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. पुढचे पंधरा दिवस औषधाविना हेपारिनचं सलाईन, म्हणजे लिव्हरला विसावा. नेहमीची केमो याच विसाव्याच्या दिवसांत बसवतात. असं चार-पाच आठवड्यांचं एक चक्र, आणि अशी साधारण सहा चक्रं.

पंप कधीच कोरडा पडू द्यायचा नाही. कोरडा पडला की नळीच्या तोंडाशी गुठळी होते आणि सगळं ऑपरेशन वाया जातं. लग्न असो, पाऊस असो, तारीख चुकवायची नाही.

आणि एक सांगते, कारण आपल्याकडे शिर सापडली नाही की हात पोर्टकडे जातो. या पंपात न शिकलेल्या कुणीही सुई घालायची नाही. रक्त काढायला नाही, सलाईनलाही नाही. काही पंपांत भलत्या सुईनं औषध एकदम धमनीत जाऊ शकतं.

खरंच फायदा होतो का? आकडे सांगा.

सांगते, पण आकड्यांच्या मागचंही ऐका.

न्यू यॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये डॉ. नॅन्सी केमेनी यांनी यावर आयुष्यभर काम केलं. त्यांच्या गटाची चाचणी 1999 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली. लिव्हरच्या ऑपरेशननंतरचे 156 पेशंट, चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गटांत वाटलेले. एका गटाला पंप आणि नेहमीची केमो, दुसऱ्याला फक्त केमो. दोन वर्षांनी पहिल्या गटात 86 टक्के जिवंत होते, दुसऱ्यात 72 टक्के. लिव्हरमध्ये आजार परत न आलेले पहिल्या गटात 90 टक्के, दुसऱ्यात 60. पुढे जास्त वर्षं पाठपुरावा केल्यावर दहा वर्षांनी जिवंत असलेले 41 टक्के आणि 27 टक्के निघाले. लिव्हर सांभाळलं जातं, हे यातून स्पष्ट दिसतं. एकूण आयुष्यातला फरक मात्र एवढ्या छोट्या चाचणीत पक्का सिद्ध झाला असं म्हणता येत नाही.

2017 मध्ये त्याच केंद्रानं 2,368 पेशंटांच्या जुन्या नोंदी तपासल्या. पंप मिळालेल्यांपैकी निम्मे 67 महिन्यांहून जास्त जगले, न मिळालेल्यांत हा आकडा 44 महिने. मोठा फरक आहे. पण इथे चिठ्ठी टाकलेली नव्हती. पंप कुणाला बसवायचा हे डॉक्टरांनी निवडलं होतं, आणि निवडीचा परिणाम गणितानं पूर्ण पुसता येत नाही.

शिवाय 1999 च्या चाचणीत दुसऱ्या गटाला जुनी केमो होती. आजच्या केमोतलं ऑक्झॅलिप्लॅटिन हे औषध तेव्हा रुळलेलं नव्हतं. आजच्या केमोसमोर पंप किती भर घालतो, हे बघायला नेदरलँड्ससह इतरत्र नव्या चाचण्या हाती घेतल्या गेल्या. फ्रान्समध्ये तर पंपाऐवजी धमनीतल्या पोर्टमधून ऑक्झॅलिप्लॅटिन देण्याची वाट धरली आहे.

माझं मत विचाराल तर उपचार दमदार आहे, पण तो त्या केंद्राच्या हाताशी घट्ट बांधलेला आहे. चांगले आकडे आलेत ते वर्षानुवर्षं हेच करणाऱ्यांचे.

त्रास काय होतो? केस जातात का?

पंपातल्या औषधानं केस सहसा जात नाहीत, तोंड येत नाही, उलट्याही फारशा होत नाहीत, कारण औषध अंगात फिरतच नाही. नेहमीच्या केमोचे त्रास मात्र तिचे ती देते. ऑक्झॅलिप्लॅटिननं भावाच्या बोटांना मुंग्या यायच्या. फ्रिजमधली बाटली धरता यायची नाही.

पंपाचा खरा त्रास लिव्हर आणि पित्तनलिकांना. पित्ताच्या नळ्यांचं पोषणही धमनीवरच होतं. त्या आक्रसल्या तर पित्त अडतं आणि कावीळ होते, कधी नळीत स्टेंट घालावा लागतो. हे थोड्याच जणांना होतं, पण झालं तर कायमचं राहू शकतं. म्हणून दर भरण्याआधी रक्ताची लिव्हर तपासणी असते. अल्कलाइन फॉस्फेटेज, एसजीओटी, बिलिरुबिन. एखादा आकडा चढला की डोस कमी, जास्त चढला की औषध बंद आणि पंपात नुसतं सलाईन. डेक्सामेथासोन घालतात ते याचसाठी, लिव्हरची सूज कमी राहावी म्हणून. भावाचा चौथा हप्ता असाच रद्द झाला. तो वैतागला. ‘निम्म्यात सोडलं की काय यांनी?’ थांबणं हा त्या उपचाराचाच भाग आहे हे त्याला पटवायला मला आठवडा लागला. बेव्हॅसिझुमॅब हे दुसरं औषध या पंपाबरोबर दिलं तेव्हा पित्तनलिकांचा त्रास वाढलेला दिसला, म्हणून ती जोडी टाळतात.

बाकी यांत्रिक त्रास. जखमेत पू होणं, नळी सरकणं, धमनीत गुठळी, चकती कातडीखाली उलटी होणं. कमी जणांना होतात, पण होतात.

पोटात दुखलं, काळी शी झाली, डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली तर सकाळची वाट बघायची नाही.

खाण्यापिण्याचं काय? तांबडा रस्सा चालेल का?

हा प्रश्न कोल्हापुरात पहिल्या पाचात येतो.

पंप आहे म्हणून मटण बंद, असं काही नाही. ऑपरेशननंतर प्रथिनं लागतातच. पण पित्ताशय गेलेलं, लिव्हर नव्यानं भरत असलेलं, आणि जठराला औषधाचा धोका. अशा वेळी तर्रीचा तवंग पोटाला झेपत नाही. पांढरा रस्सा पातळ करून, वाटीभर, चालला भावाला. तांबड्याचं त्यानं सहा महिने नाव काढलं नाही, आणि सातव्या महिन्यात फक्त त्याचंच काढलं.

कट्ट्यावरचं धारोष्ण दूध बंद. गंगावेशीतल्या म्हशीसमोर उभं राहून पेला तोंडाला लावायची हौस मला कळते, मीही कोल्हापूरचीच. पण केमोत पांढऱ्या पेशी खाली आलेल्या असतात. उकळून प्या.

दारू नको. आणि काढे नकोत, यावर माझी बऱ्याच जणांशी वादावादी झालेली आहे. गुळवेल, कडुनिंब, कुणाच्या तरी गावच्या वैद्याची पुडी. कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या पेशंटांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी केली आहे. पंपाचा डोस लिव्हरच्या आकड्यांवर ठरतो. आकडा काढ्यानं चढला की औषधानं, हे मग कुणी ओळखायचं? चांगलं चाललेलं औषध तुमच्या काढ्यामुळे बंद पडेल.

काम, मोटरसायकल, पन्हाळा, विमान?

जखम भरली की हलकं काम चालतं. पोटावर मार बसेल असं काही नको. तालमीत जाणारा एक जण विचारत होता, नुसता जोर मारतो, चालेल का? वजन उचलणं आणि जोर-बैठका सर्जनला विचारून. कुस्ती नाही, पंप आत असेपर्यंत नाहीच.

पंपावर गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही. कढत पाण्यात बसायचं नाही. कारण तेच, उबेनं गती वाढते. साधी गरम पाण्याची अंघोळ चालते.

उंचीवर हवेचा दाब कमी, तिथेही गती थोडी वाढते. पन्हाळ्याला एका दिवसासाठी जाऊन आलात तर काही बिघडत नाही. थंड हवेच्या ठिकाणी महिनाभर राहायचं किंवा लांबचा विमानप्रवास असेल तर आधी सांगा, त्याप्रमाणे तारीख आणि भरण्याचं औषध ठरवतात. भाऊ दिवाळीला आला तो विसाव्याच्या पंधरवड्यात, पंपात औषध नसताना. पंपाचं कार्ड पाकिटात ठेवायचं. ते विमानतळावर धातूच्या दारातून जाताना लागतं, आणि एमआरआय काढायचा तर आधी दाखवावंच लागतं.

कोल्हापुरात मिळतो का? मुंबईत?

कोल्हापुरात नाही. आणि भारतात आतड्याच्या कॅन्सरसाठी हा पंप रोजच्या वापरातला उपचार नाही. एफयूडीआरची बाटली मी नऊ वर्षांत आमच्या डे-केअरच्या कपाटात एकदाही पाहिली नाही.

तरी विकणारे भेटतात. कागल तालुक्यातल्या एका मुलाला कुणी तरी ‘अमेरिकन पंप’ आणून देतो म्हणून आगाऊ रक्कम मागितली होती. अर्धा एकर विकायचं घरात ठरलं होतं. मी त्याला तीन प्रश्न दिले. बसवणाऱ्या सर्जननं असे किती बसवलेत? दर पंधरा दिवसांनी भरणार कोण आणि कुठे? रात्री दोनला कावीळ दिसली तर फोन कुणाला? तिन्हींना उत्तर नव्हतं. रान वाचलं. भरायला माणूस नसेल तर पंप म्हणजे पोटात ठेवलेलं लोखंड.

मग पंप नाही म्हणजे आमच्या पेशंटला कमी उपचार मिळतोय का?

नाही. जगात बहुतेक ठिकाणी या आजाराला पंपाशिवायच उपचार होतात. लिव्हरच्या गाठी काढता येतात की नाही, हे पारखणारा चांगला सर्जन मिळणं हे पंपापेक्षा कितीतरी मोठं. ‘लिव्हरमध्ये गेलाय, आता काही नाही’ असं ऐकून कितीतरी जण घरी बसतात. गाठी काढता येण्यासारख्या असतील आणि दुसरीकडे आजार नसेल, तर ऑपरेशननंतर पाच वर्षं आणि पुढे जगणारे थोडेथोडके नाहीत. ते मत लिव्हरचं ऑपरेशन नेहमी करणाऱ्याकडून घ्या. इथे नाही तर पुण्याला, नाही तर परळला टाटामध्ये. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री निघालं की सकाळी मुंबई.

ऑपरेशननंतरच्या नेहमीच्या केमोचाही फायदा वाटतो तेवढा सरळ नाही. जपानमधल्या एका चाचणीचा निकाल 2021 मध्ये आला. लिव्हरच्या ऑपरेशननंतर केमो घेतलेल्यांत आजार उशिरा परतला, पण ते जास्त जगले असं दिसलं नाही. त्यामुळे डॉक्टर ‘सहा महिने केमो’ म्हणोत किंवा ‘नुसतं लक्ष ठेवू’ म्हणोत, दोन्ही ऐकायला तयार राहा आणि कारण विचारा. सीईए (आजार परततोय का हे बघायची रक्ततपासणी) आणि स्कॅनच्या तारखा मात्र चुकवू नका. लिव्हरमध्ये परत आलंच, तर काही जणांचं दुसऱ्यांदाही ऑपरेशन होतं.

पैशाचं कसं?

नेहमीच्या केमोला आणि ऑपरेशनला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मदत मिळते, वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंत. योजनेच्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड, आधार आणि बायॉप्सीचा रिपोर्ट घेऊन आधी तिथे जा, मग बिलाच्या खिडकीवर. भावाच्या पंपाचा खर्च त्याच्या तिथल्या विम्यानं दिला. त्या बिलाचे रुपये करून बघू नका, मी केले होते आणि चहा गार झाला.

पेशंटला, घरच्यांना सांगायचं का?

सांगायचं. आमच्या आईला कुणी सांगितलं नव्हतं भावाचं, ‘पित्ताचं ऑपरेशन’ म्हणाले होते. दिवाळीत त्यानं शर्ट बदलताना तिनं पोटावरचा उंचवटा पाहिला आणि हात लावून म्हणाली, ‘हे काय पित्त आहे होय?’

पंप किती दिवस ठेवतात? काढल्यावर काय?

केमोची चक्रं संपली तरी लगेच काढत नाहीत. लिव्हरमध्ये परत काही दिसलं तर कामाला येईल म्हणून ठेवतात. तेव्हा त्यात ग्लिसरॉल भरतात. ते घट्ट असतं, हळू सरतं, म्हणून पंधरा दिवसांऐवजी काही आठवड्यांनी भरलं तरी चालतं. पुढे सगळं निवांत दिसलं की छोट्या ऑपरेशननं काढतात.

भावाचा पंप डाव्या कुशीत, पँटचा पट्टा येतो बरोबर तिथे बसवला होता. पट्टा टोचायचा. मग मी महाद्वार रोडच्या शिंप्याकडून नाडीचे सहा लेंगे शिवून नेले, मऊ मांजरपाटाचे, आणि तो ऑफिसच्या मीटिंगांना घरून वर शर्ट, खाली लेंगा असा बसायचा. गेल्या वर्षी पंप निघाला. परवा फोनवर म्हणाला, आक्का, येताना अजून दोन लेंगे आण, आणि नाडी जरा लांब ठेवायला सांग.